ताटातली कर्बोदकं मोजायची कुणी?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हे भाकरी-भाताचं कुठून काढलंत?" प्रश्न रास्त आहे. माझ्या नावापुढचं 'डॉ.' हे पीएच.डी.चं आहे, दवाखान्यातलं नाही. त्यामुळे कुणी काय खावं, कुठली गोळी घ्यावी, हे मी सांगणार नाही. ते तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं. पण डॉक्टर 'कर्बोदकं कमी करा' असं एका वाक्यात सांगतात आणि आपण चिठ्ठी घेऊन घरी येतो. पुढे त्या एका वाक्याचं घरात काय होतं, हा प्रश्न मात्र माझ्या विषयातला आहे. कारण त्यात ज्ञान आहे, इच्छाशक्ती आहे आणि दोन माणसांमधला करार आहे. मला स्वतःला मधुमेह सदुसष्टाव्या वर्षी निघाला. तेव्हापासून आमच्या घरात एक वही आहे. तिच्या आधाराने बोलतो.

मोजायचं कशासाठी?

प्लेटोचा 'प्रोटॅगोरस' नावाचा संवाद आहे. त्यात सॉक्रेटिस एक साधी गोष्ट दाखवून देतो. जवळची वस्तू डोळ्याला मोठी दिसते, लांबची लहान दिसते. सुखदुःखाचंही तसंच. समोरच्या वाटीतला आमरस मोठा दिसतो आणि दहा वर्षांनी होणारा डोळ्यांचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास बारीक ठिपक्याएवढा दिसतो. मग माणूस चुकतो तो दुष्टपणामुळे नव्हे, अंदाज चुकल्यामुळे. सॉक्रेटिसचा उपाय काय? मोजण्याची कला. जी दिसण्यावर न जाता असण्यावर जाते.

आता तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञान राहू द्या, आकडे सांगा. सांगतो.

कर्बोदकं म्हणजे पिष्टमय पदार्थ आणि साखर. १ ग्रॅम कर्बोदकातून साधारण ४ कॅलरी मिळतात. प्रथिनांतूनही ४, आणि तेल-तुपातून ९. पण आपल्याला इथे कॅलरीपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. जेवणानंतर रक्तातली साखर किती चढेल हे सगळ्यांत जास्त कर्बोदकांवर ठरतं. पिष्ट पचलं की त्याचं ग्लुकोजच होतं. जिभेला गोड लागलं नाही म्हणून पोटात ते वेगळं वागत नाही.

'कमी' म्हणजे किती? वैद्यकीय लिखाणात साधारणपणे दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली कर्बोदकं असली तर त्याला कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. २० ते ५० ग्रॅमवर आणलं तर ते फार कडक, ज्याला कीटोजेनिक म्हणतात. तो आहार मुळात १९२१ च्या सुमारास अमेरिकेत फेफऱ्याच्या रुग्णांसाठी पुढे आला. कल्पना त्याहूनही जुनी आहे. विल्यम बँटिंग नावाच्या लंडनमधल्या एका गृहस्थाने १८६३ साली आपण पाव, साखर, बटाटा आणि बीअर सोडून वजन कसं उतरवलं यावर छोटी पुस्तिका काढली होती. तेव्हा हे काही कालपरवाचं फॅड नाही. पण त्यातला पाव आणि बटाटा काढून आपल्याला आपली परात आणि आपला तवा घालायचा आहे.

आपल्या ताटाचा हिशेब

एक साधा मराठी दिवस घ्या. कुणाचीही निंदा नाही, मीही असाच जेवत आलो.

सकाळी दोन चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. दूध धरून २५ ग्रॅम. कांदेपोह्यांची बशी, कोरडे पोहे ६० ग्रॅम, म्हणजे ४५ ग्रॅम कर्बोदकं. दुपारी तीन पोळ्या ६०, वाटीभर भात ३५, वरण १५, बटाट्याची भाजी १५. झाले १२५. चारला चहा आणि चार बिस्किटं, २७. रात्री ज्वारीच्या दोन भाकऱ्या ८०, आमटी-भाजी मिळून १८. करा बेरीज. ३२० ग्रॅम.

आणि यात गोडाचा पदार्थ एकही नाही. मधुमेह असलेला माणूस मला छातीठोकपणे सांगतो, "मी गोड खातच नाही हो." खरं बोलतो तो. पण ३२० ग्रॅम खातो.

काही समजुती इथेच सोडवून टाकू. पहिली, भाकरीत काही नसतं. ज्वारीच्या पिठात आणि गव्हाच्या पिठात वजनाला वजन कर्बोदकं जवळजवळ सारखीच, सुमारे दोनतृतीयांश. पोळीला पीठ लागतं २५-३० ग्रॅम, हातावरच्या भाकरीला लागतं ६० ग्रॅम. म्हणून एक भाकरी म्हणजे दोन पोळ्या. भाकरी वाईट नाही, पोटाला धरून राहते, पण मोजताना ती दोन आहे. दुसरी समजूत, उपवास म्हणजे हलकं. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून जास्त कर्बोदकं. प्रथिनं आणि तंतू नावालाच. खिचडीतला सगळ्यांत गुणी भाग म्हणजे दाण्याचं कूट. तिसरी, गूळ चालतो. गुळात लोह वगैरे थोडं असेल, पण कर्बोदकांच्या हिशेबात तो साखरेचा सख्खा भाऊ आहे.

आता तोच दिवस १३० च्या आत बसवून पाहू. बिनसाखरेचे तीन चहा, ८. सकाळी मूगडाळीचं धिरडं, ४० ग्रॅम डाळीचं, २२. दुपारी एकच पोळी २०, वरण १५, दही घातलेली काकडीची कोशिंबीर १०, पालेभाजी भरपूर ५. चारला मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, ५. रात्री अर्धी भाकरी २०, पिठलं १४, वांग्याचं भरीत ८. बेरीज १२७. अंडी, पनीर, मासे, चिकन खाणाऱ्यांना आणखी सोपं, कारण त्यांत कर्बोदकं फारच थोडी. म्हणजे हे आपल्या स्वयंपाकघरात बसतं. त्यासाठी परदेशी पीठ आणायची गरज नाही.

हे आकडे मी गोल केलेले आहेत. अचूक हवे असतील तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत, ते पाहा. परदेशातून ऐकणाऱ्यांसाठी एक सूचना. अमेरिकेतल्या पाकिटावर कर्बोदकांच्या आकड्यात तंतू धरलेले असतात, युरोपातल्या पाकिटावर ते वगळलेले असतात. तंतूंपासून साखर फारशी चढत नाही. म्हणून काही जण तंतू वजा करून मोजतात. कुठलीही एक पद्धत धरा, पण सोमवारी एक आणि मंगळवारी दुसरी असं करू नका.

रोज तागडी नको

मोजायचं म्हटलं की लोकांना वाटतं, आता प्रत्येक घास काट्यावर. तसं नाही. आपलं घर एकदा मोजायचं.

स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा आणा. कणीक मळण्याआधी कोरडं पीठ तोला. समजा ३०० ग्रॅम आहे आणि त्यात दहा पोळ्या झाल्या. मग तुमच्या घरची पोळी ३० ग्रॅमची, तिच्यात २० ग्रॅम कर्बोदकं. संपलं. लाटणारा हात बदलत नाही तोवर हा आकडा बदलत नाही. तसंच भाकरीच्या पिठाचं, तसंच भाताचं. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २५ ते २८ ग्रॅम. एक वाटी ठरवा, तीच वाटी नेहमी. पाच-सहा पदार्थांचे आकडे झाले की तुमच्या जेवणाचा बहुतेक हिशेब झाला. पालेभाज्या, काकडी, दोडका, दुधी, कोबी यांच्या मागे लागू नका.

वहीत तीन रकाने. काय खाल्लं, किती खाल्लं, कर्बोदकं किती. घरी साखर मोजायचं यंत्र असेल तर चौथा रकाना करा. जेवणाआधीचा आकडा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी आलेला आकडा. हा चौथा रकाना फार शिकवतो. कुणाला पोह्यांनी चढते, कुणाला भाताने. पुस्तक सरासरी माणसाबद्दल सांगतं, वही तुमच्याबद्दल सांगते. दोन आठवडे नीट लिहा. नंतर वेगळं काही खाल्लं तरच लिहा.

रांधणाऱ्याला माहीत असतं ते

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कमी कर्बोदकांच्या आहारावर जे प्रयोग झाले, त्यांत सर्वसाधारणपणे असं दिसतं की पहिल्या सहा महिन्यांत साखरेवर आणि वजनावर चांगला परिणाम होतो, आणि वर्ष होता होता इतर आहारांशी असलेलं अंतर कमी होत जातं. याचं एक कारण अगदी मानवी आहे. माणसं टिकत नाहीत. तेव्हा खरा प्रश्न 'कोणता आहार?' एवढाच नाही, 'कुणाच्या सोबतीने?' हाही आहे.

आपल्या पिढीतल्या बहुतेक घरांत जेवतो एक आणि रांधतं दुसरं. म्हणजे ज्याला आकडा हवा आहे त्याच्याकडे माहिती नाही. आमटीत गूळ किती पडला, रस्सा दाट करायला पीठ लावलं का, कोशिंबिरीत साखर घातली का, हे खाणाऱ्याला कळत नाही. रांधणाऱ्याला कळतं. अशा स्थितीत एकट्याने हिशेब ठेवणं शक्यच नाही. पत्नीचा, किंवा पतीचा, सहभाग ही काही प्रेमळ सजावट नव्हे. ती माहितीची गरज आहे.

पण गरज आहे म्हणून हुकूम सोडता येत नाही. मी असे गृहस्थ पाहिले आहेत जे दवाखान्यातून येतात आणि जाहीर करतात, "उद्यापासून मला हे चालणार नाही." झालं. आहार यांचा, काम तिचं. सकाळी धिरड्याचं वाटण, दुपारी वेगळी भाजी, मुलांना नेहमीचं, नातवाला तिसरंच. चाळीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला सत्तरीत नवा स्वयंपाक शिकायला लावायचा, आणि वर म्हणायचं की ती साथ देत नाही. ही साथीची मागणी नाही, बेगारीची आहे.

मग विचारायचं कसं? काम वाटून घेऊन विचारायचं. आमच्या घरी पीठ तोलणं, भाज्या निवडणं-चिरणं, डाळ भिजवणं आणि वही लिहिणं माझ्याकडे आहे. फोडणी आणि चव तिच्याकडे. ती एक आकडा सांगते, मी लिहितो. "आज आमटीत सुपारीएवढा गूळ आहे," एवढं तिचं वाक्य मला पुरतं. ती म्हणते, "अहो, हिशेब तुमचा, आमटी माझी." ही वाटणी मला फार न्याय्य वाटते.

बरोबर चालणं

मार्गारेट गिल्बर्ट नावाच्या तत्त्ववेत्त्या आहेत. त्यांचा १९९० सालचा एक निबंध दोन माणसांनी बरोबर चालण्याबद्दल आहे. एवढाच विषय! त्या विचारतात, रस्त्यावर दोन माणसं शेजारी शेजारी चालत आहेत आणि दोन माणसं बरोबर चालत आहेत, यांत फरक काय? फरक असा की बरोबर चालणाऱ्यांपैकी एक न सांगता पुढे निघून गेला तर दुसऱ्याला म्हणता येतं, "अहो, थांबा की." अनोळखी माणसाला असं म्हणता येत नाही. बरोबर चालायचं ठरवलं की एकमेकांना टोकण्याचा अधिकार येतो. आणि तो दोघांनी मिळून दिलेला असतो.

हे ताटाला लावून पाहा. पत्नी म्हणाली, "पुन्हा भात?" तर नवऱ्याला राग येतो. का? भात महत्त्वाचा म्हणून नाही. हा अधिकार तिला कुणी दिला, असं त्याला मनातून वाटतं. पहारेकरी आणि सोबती एकच वाक्य बोलू शकतात. एकाचं वाक्य टोचतं, दुसऱ्याचं आधार देतं. फरक आधी झालेल्या बोलण्यात असतो.

म्हणून ते बोलणं एकदा बसून करा. जेवताना नव्हे. संध्याकाळी, पोट भरलेलं असताना. तीन गोष्टी ठरवा. टोकायचं कधी? ताट वाढण्याआधी. घास तोंडाशी आल्यावर नाही, आणि पाहुण्यांसमोर तर कधीच नाही. टोकायचं कसं? आरोप नको, प्रश्न असावा. आमच्याकडे "किती झाले?" एवढे दोनच शब्द आहेत. मी वहीतला आकडा सांगतो, आणि पुढचं माझं मी ठरवतो. तिसरी गोष्ट सणावाराची. गणपतीत मोदक किती, लग्नात जिलेबी किती, हे त्या दिवशी ठरवायचं नाही. आदल्या दिवशी दोघांनी ठरवायचं. ग्रीक कथेतला युलिसिस आपल्याला शिडाच्या खांबाला बांधून घेतो ते सायरन गायला लागण्याआधी. आणि बांधायला तो खलाशांना सांगतो, कारण स्वतःला स्वतः बांधता येत नाही. एक मोदक ठरला असेल तर तो एक आनंदाने खा, तुपासकट. चोरून खाल्लेल्या अर्ध्या मोदकाने वही खोटी होते, आणि वही खोटी झाली की सोबत संपते.

उरलेल्या भाताचं काय?

एक गोष्ट मला अनेक घरांत दिसली, तिच्याविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. नवऱ्याचा भात बंद होतो, पण कुकरला लावायचं तांदळाचं माप तेच राहतं. हात सवयीने तेवढेच तांदूळ घेतो. मग रात्री भात उरतो. तो कोण खातं? अन्न टाकायचं नाही हे संस्कार. शेवटी जेवायला बसणारी बाईच तो संपवते. म्हणजे घरातली कर्बोदकं कमी झालीच नाहीत. ती एका ताटातून दुसऱ्या ताटात गेली. नवऱ्याचं एचबीएवनसी खाली येतं, सगळे कौतुक करतात, आणि तिचं कुणी तपासलेलंच नसतं. आपल्या देशात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत मधुमेहींचा अंदाज १० कोटींच्या पुढे गेला आहे. त्यात बायका आहेतच. तेव्हा पहिलं काम, तांदळाचं माप बदला. दुसरं, दोघांचीही तपासणी करा.

उलट बाजूही आहे. तिला मधुमेह नसेल, ती कृश असेल, तर तुमच्या आहारात तिला ओढू नका. 'सोबत' म्हणजे तेच खाणं नव्हे. उतारवयात स्नायू झडतात, प्रथिनं आणि पुरेसं अन्न दोन्ही लागतं. तिची पोळी तिला सुखाने खाऊ द्या. तुमच्यासमोर ती पोळी खाते यात तुमचा अपमान नाही.

आणि तिलाच मधुमेह असेल तर? मग सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐका. कारण आपल्या समाजात नवऱ्याच्या पथ्याने घराचा स्वयंपाक बदलतो, आणि बायकोचं पथ्य तिच्या एकटीच्या ताटात होतं. ती सगळ्यांना साबुदाणा वाढते आणि स्वतः काकडी चिरून घेते. तिला सोबत हवी असेल तर एक गृहस्थ म्हणून पहिली गोष्ट करा. सकाळचा बिनसाखरेचा चहा तुम्ही करा आणि तिच्यासोबत तोच प्या.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: मी गोळ्या घेतो. उद्यापासून असा आहार सुरू केला तर चालेल का?*

डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही. हे मी ठासून सांगतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना कर्बोदकं एकदम कमी केली तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. हातपाय थरथरणं, घाम, भोवळ. डापाग्लिफ्लोझिनच्या वर्गातली औषधं घेणाऱ्यांना फार कडक आहारात रक्तात आम्ल वाढण्याचा वेगळा धोका असतो, आणि तेव्हा साखरेचा आकडा फार वाढलेला नसतानाही प्रकृती बिघडू शकते. रक्तदाबाची गोळीही कमी करावी लागू शकते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावं. वही घेऊन जा. डॉक्टरांना वही आवडते. आणि साखर उतरल्याची लक्षणं जोडीदारालाही माहीत हवीत, कारण त्या वेळी रुग्णाला स्वतःला नीट सुचत नाही. साखर किंवा गोड रस घरात कुठे ठेवला आहे, हे दोघांना माहीत असावं.

*प्रश्न: पत्नीला यात रसच नाही. ती म्हणते, तुमचं तुम्ही बघा. काय करावं?*

तर आधी तुमचं तुम्ही बघा. यात उपरोध नाही. महिनाभर पीठ तुम्ही तोला, भाजी तुम्ही चिरा, वही तुम्ही लिहा. तिच्याकडून फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर मागा, "आमटीत गूळ किती?" माणूस आधी पाहतो की हे आठ दिवसांचं आहे की टिकणार आहे. 'तुमचं तुम्ही बघा' याचा अर्थ बऱ्याचदा 'मागच्या वेळेसारखं माझ्या अंगावर टाकू नका' असा असतो.

*प्रश्न: मी एकटी राहते, यजमान गेले. माझ्यासाठी यात काय?*

ताई, बरं झालं विचारलंत. सोबतीला नवराच लागतो असं नाही. रोज संध्याकाळी फोनवर "किती झाले?" असं विचारणारी एक मैत्रीण, बहीण किंवा सून पुरते. तुम्हीही तिला तोच प्रश्न विचारा, म्हणजे ती पहारेकरी होणार नाही. आणि तुमच्याकडे एक फायदा आहे. रांधणारी आणि खाणारी एकच असल्यामुळे आमटीतला गूळ तुम्हाला विचारावा लागत नाही. तुमच्या आवडीची एक वाटी आजच बाजूला काढून ठेवा आणि उद्या सकाळी कणीक भिजवण्याआधी पीठ तोला. पहिली नोंद तिथून होईल.